सेवापुस्तकाबाहेरची सेवा

मराठीत 'सेवा' या शब्दाची मोठी गंमत आहे. शाळेत नोकरीला होते तेव्हा माझे एक सेवापुस्तक होते. रुजू झाल्याची तारीख, वेतनवाढी, रजा, सगळे त्यात नोंदलेले. पुढे सेवाज्येष्ठता आली, आणि २००९ साली रीतसर सेवानिवृत्तीही झाली. शाल, श्रीफळ, मुलांची भाषणे, सगळे यथासांग पार पडले. इकडे आमच्या चर्चमध्ये मात्र कोणी "ते सेवेत आहेत" म्हटले, की त्याचा अर्थ अगदी निराळा होतो. तो माणूस प्रभूच्या कामाला लागलेला आहे, असा. त्या सेवेला निवृत्तीचे वय नाही, वेतनवाढ नाही, आणि सेवापुस्तक तर नाहीच नाही.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. नात्यातली मंडळी फोनवर हमखास विचारतात, "या वयात कशाला ही दगदग? गुडघे दुखतात ना तुमचे? घरी बसून प्रार्थना केली तर देवाला चालत नाही का?" प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो, त्यामुळे रागही येत नाही. पण फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. म्हणून म्हटले, एकदा सविस्तर लिहूनच टाकावे.

माझे वाचक सगळेच ख्रिस्ती नाहीत. त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्याकडे 'मंडळी' म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद. त्यांचा पाळक असतो. उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, लग्ने, अंत्यविधी ही त्याची कामे. पण मंडळीचा संसार एकट्या पाळकाने चालत नाही. पूर्वी मिशनच्या काळात 'बायबल बाया' असत. या बाया पायी घरोघरी जात, बायकांना शास्त्र वाचून दाखवत, जमले तर अक्षरओळख करून देत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मिशनच्या इतिहासात त्यांची नावे फारशी सापडत नाहीत. कामे मात्र पिढ्यान्पिढ्या लोकांच्या आठवणीत राहिली.

अशाच एक बायबल बाई आमच्या मंडळीत होत्या. मी निवृत्त झाले तेव्हा त्या ऐंशीच्या घरात असतील. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने मला फार जड गेले. सकाळी दहा वाजले की कान आपोआप घंटेकडे लागायचे. घर आवरून झाले की पुढे दिवसभर करायचे काय, हा प्रश्न. इतकी वर्षे रोज चाळीस-पन्नास मुले 'बाई, बाई' करत मागे असायची, आणि आता दारावरची बेल वाजली तर दूधवाला नाहीतर पेपरवाला. आपण कोणाला नको असलो तरी जग चालतेच, हे कळायला सोपे असते, पचायला कठीण.

एका रविवारी उपासना संपल्यावर त्या बाईंनी मला थांबवले आणि पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून हातात दिली. "तुमचं अक्षर चांगलं आहे, वाचनही स्पष्ट आहे," म्हणाल्या, "आता ही तुम्ही सांभाळा. मला जिने चढवत नाहीत." वहीत नावे होती. ज्यांना म्हातारपणामुळे किंवा आजारपणामुळे चर्चला येता येत नाही, त्यांची. पत्ता, घरी कोण कोण आहे, काय खायला चालते, कोणाला ऐकू कमी येते, कोणाला कोणते गीत आवडते, सगळे शिसपेन्सिलीने लिहिलेले. पेन्सिल का, म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "पत्ते बदलतात हो. पण नाव कधी खोडायचं नाही. माणूस प्रभूकडे गेला की पुढे तारीख लिहायची."

ही माझी दीक्षा. ना भाषण, ना प्रमाणपत्र.

मंगळवार आणि शुक्रवार दुपारी मी घरे करू लागले. 'घरे करणे' हा त्यांचाच शब्द. काम तरी काय? शास्त्रातला एखादा भाग वाचायचा, एक गीत म्हणायचे, प्रार्थना करायची, आणि मग बसायचे. हे बसणे सर्वांत मोठे काम, हे मला पुढे कळले. पेन्शनचा फॉर्म भरून द्यायचा, गोळ्यांच्या डब्यात वार पाहून गोळ्या टाकायच्या, परदेशातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल जोडून द्यायचा. ज्यांचे ऐकायला घरात कोणाला वेळ नाही त्यांची तीच गोष्ट आठव्यांदा ऐकायची, आणि ती पहिल्यांदा ऐकतो आहोत असे तोंड करायचे. शिक्षकाला हे जमते. दरवर्षी तोच धडा आम्ही नव्याने शिकवलेला असतो.

पण खरे सांगू का? दोन-तीन वर्षांनी मन उणे काढू लागले. शाळेत निकाल लागत असे. ढकलगाडीने पुढे गेलेले पोर दहावीला पास झाले की आपल्याला समजे, काही झाले. इथे निकालच नाही. मी ज्यांच्याकडे जायची ते बरे होणार नव्हते. ज्यांचा विश्वास डळमळला होता त्यांचा माझ्या वाचनाने दृढ झालाच असे नाही. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. पत्नी वारली, तेव्हापासून देवावर रुसलेले. मी वाचायला लागले की भिंतीकडे तोंड करायचे. सून बिचारी ओशाळून म्हणायची, "बाई, तुम्ही मनावर घेऊ नका." मनावर घेत नसे, पण जिना उतरताना विचार यायचाच, की हे कशासाठी?

त्या दिवसांत मी 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक पुन्हा वाचायला घेतले आणि बर्णबापाशी अडकले. मूळ नाव योसेफ, कुप्र बेटावरचा लेवी. प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले, त्याचा अर्थ धीर देणारा, उत्तेजन देणारा असा होतो. शौल, म्हणजे पुढचा पौल, ख्रिस्ती झाला तेव्हा यरुशलेमेतले शिष्य त्याला भीत होते. ते साहजिकच होते, कारण कालपर्यंत तो त्यांचाच छळ करत होता. त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेले ते बर्णबाने. पुढे तार्सास जाऊन त्याला शोधून अंत्युखियास कामाला आणले, तेही बर्णबानेच. योहान मार्क नावाचा तरुण प्रवासात मध्येच सोडून परत गेला, तेव्हा पौल त्याला पुन्हा बरोबर न्यायला तयार होईना. त्यावरून दोघांत कडाक्याचे भांडण झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास गेला. नंतरच्या एका पत्रात तोच पौल लिहितो, मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. दुसरे शुभवर्तमान परंपरेने या मार्कच्याच नावावर आहे. पौलाची पत्रे नव्या करारात पानोपानी आहेत. बर्णबाच्या नावाचे तिथे एकही पुस्तक नाही. उत्तेजन देणे ही त्याची सेवा. जगाला दिसले ते दुसऱ्यांचे काम.

मग मी आपल्याच मातीतली उदाहरणे आठवू लागले. नगरचा विचार केला की मला मिस सिंथिया फरार आठवतात. अमेरिकन मिशनने १८२७ साली या अविवाहित शिक्षिकेला मुंबईत धाडले. पुढे त्या नगरला आल्या आणि १८६२ साली मृत्यू येईपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. त्या काळात मुलगी शाळेत येणे म्हणजे काय होते, हे वेगळे सांगायला नको. आज आलेली उद्या येईलच याचा भरवसा नाही, लग्न झाले की शाळा संपली. पण नगरच्या त्यांच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंच्या हाताखाली शिक्षणाचे धडे घेतले. पाहायला आलेला एक तरुण पुण्याला जाऊन काय करणार आहे, हे त्या दिवशी पाटीवर अक्षरे गिरवून घेणाऱ्या बाईंना कसे कळावे? आपण फक्त त्या दिवसाचा धडा घ्यायचा असतो.

रेव्हरंड टिळकांचेही तसेच. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या गीतांवाचून मराठी ख्रिस्ती उपासनेची आज कल्पनाही करवत नाही. शेवटी त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले आणि ते अपुरे टाकून १९१९ साली ते गेले. सुरुवातीचे थोडे अध्यायच झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले कोणी? लक्ष्मीबाईंनी! ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, ज्यांना नवऱ्याच्या धर्मांतराने पाच वर्षे ताटातूट सोसावी लागली होती, त्या लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' आपण सगळ्यांनी वाचलेले असते, पण हे काम सहसा आठवत नाही.

आणि पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणि बायका वाचवून आणल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. ते आजही आहे. तिथे त्यांनी साध्या बायकांना कळेल असे मराठी बायबल करायला घेतले, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्याच बाया. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तिच्यावरच तर पुढची सगळी भिस्त होती. १९२२ च्या एप्रिलात रमाबाईही गेल्या. बायबल पुरे छापून बाहेर आले ते १९२४ साली.

मी स्वतःला या थोरांच्या रांगेत बसवत नाही, गैरसमज नसावा. कुठे त्या आणि कुठे मी! पण मला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. सेवा करणाऱ्याच्या हातून काम अपुरेच राहते. मोठ्यांचे मोठे अपुरे राहते, लहानांचे लहान. आणि ते अपुरे राहते म्हणूनच दुसऱ्या कोणाला तरी हाक येते. ती वही बाईंकडे पूर्ण झालेली असती, तर माझ्याकडे कशाला आली असती? माझा रिकामा दिवस कशाने भरला असता? तोवर मला वाटत होते, मी त्या घरांना काही द्यायला जाते. वस्तुतः कोणाचे तरी उरलेले काम माझ्या वाट्याला आले होते, आणि त्यानेच मला सकाळी उठायला कारण दिले होते.

हे समजले म्हणून सगळे सोपे झाले असे नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. चर्च बंद, घरे बंद. मी वही घेऊन फोनवर बसायची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोनवर काय वाचून दाखवणार? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तर रोज एक बातमी. काही जणांना मातीसुद्धा चार माणसांतच दिली. वहीत नावापुढे मी तारखा लिहीत गेले. एका पानावर सातपैकी पाच नावांपुढे तारखा झाल्या, तेव्हा मी वही मिटली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवली. आता पुरे, असे स्वतःशी म्हटले. प्रार्थनेतही शब्द येईनात. नुसती बसून राहायची.

पुढे महिन्याभराने दुपारी फोन वाजला. तेच रेल्वेवाले, भिंतीकडे तोंड करणारे. बोलणे अडखळत, अर्धे शब्द तुटलेले. म्हणाले, "बाई, मंगळवार आहे ना आज?" मी म्हटले, "हो, आहे. पण अजून कोणाकडे जाता येत नाही हो." तर म्हणतात, "ते ठाऊक आहे. सोमवारी मी दाढी करून घेत असे. तुम्ही येता म्हणून. आता कशाला करायची?"

मला बोलवेचना. इतकी वर्षे मी ज्याला अपयश समजत होते, त्या घरात दर सोमवारी मुलाला हाक मारून दाढीचे सामान मागवले जात होते! एका माणसाने माझ्या येण्यासाठी आठवड्यातला एक दिवस माणसात राहायचे ठरवले होते. विश्वास परत आला का, ते मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. मी म्हटले, "करून ठेवा. मी फोनवर येते." त्या दुपारी मी फोनवर वाचले, ते ऐकत होते की नाही देव जाणे, पण फोन ठेवला नाही त्यांनी. संध्याकाळी वही कपाटातून बाहेर काढली.

मला उपदेशांतून उत्तेजन मिळाले आहे, नाही असे नाही. पण इतके बळ कुठल्याच उपदेशाने दिले नाही. आपण ज्याला धीर द्यायला जातो, तोच पुष्कळदा आपल्याला उभे करतो. हे आधी कोणी सांगितले असते तर मी मान डोलावली असती, आणि विसरले असते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वारकरी आजी राहतात. डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली. मी शुक्रवारी बाहेर पडताना त्यांनी एकदा विचारले, "तुम्ही लोकांना वाचून दाखवता म्हणे. मला हरिपाठ दाखवाल का वाचून?" मी क्षणभर थांबले. मग म्हटले, का नाही? टिळक स्वतः तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असे मानत. माझी श्रद्धा त्या आजींना ठाऊक आहे, त्यांची मला. मी हरिपाठ वाचते, त्यांचे ओठ बरोबरीने हलतात. निघताना त्या माझ्या गुडघ्यांसाठी विठोबाला सांगते म्हणतात, मी त्यांच्यासाठी प्रभूपाशी मागते. पाळकसाहेबांना हे सांगितले, तर ते हसून म्हणाले, "वहीत नाव लिहिलंत की नाही?" लिहिले आहे.

आता वहीचे पुढे काय, हा विचार मला गेल्या वर्षापासून आहे. जिने मलाही चढवत नाहीत. आमची तरुण मुले पुण्याला, कोणी त्याहून दूर. चर्चला पांढरे केस जास्त दिसतात. मध्यंतरी रात्री झोप लागत नसे, की ही वही माझ्यापाशीच संपणार का? मंडळीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी आहे. तिला मी भीत भीत विचारले, एखाद्या शनिवारी माझ्याबरोबर येशील का? ती आली. तिची रीत अगदी वेगळी. मी आधी शास्त्र वाचते, ती आधी ब्लडप्रेशर तपासते. मी बसते, ती उशा झटकते, पाठीला जखम झाली आहे का पाहते, आणि सुनेला कुशी बदलायला शिकवते. वाचन थोडे घाईत करते, जोडाक्षरांना अडखळते. माझ्यातली मास्तरीण लगेच जागी होते, पण मी गप्प बसते. परवा तिने वहीच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घेतले. मला वाटले, आता वहीचे काम संपले. पण तिने माझ्याकडूनच पेन्सिल मागितली आणि नव्या एका आजोबांचे नाव शेवटच्या पानावर लिहिले. अक्षर गिचमिड आहे, पण वाचता येते.

तेव्हा, भाच्यांनो आणि पुतण्यांनो, दगदग कशाला याचे उत्तर हे असे आहे. गुडघ्यांचे औषध चालू आहे, काळजी करू नका. जिन्याची घरे आता ती मुलगी करते, तळमजल्याची मी. तुमच्याही आसपास असे एखादे दार असेल, जिथे आठवड्यात एकदा कोणी आले तर एखादे म्हातारे माणूस दाढी करून किंवा वेणी घालून बसेल. धर्म कोणताही असो. एखाद्या दुपारी जाऊन पाहा. घाई करू नका, चहा घेऊन या.

असो. उद्या मंगळवार. तीन घरे आहेत, चष्मा आठवणीने पिशवीत ठेवायला हवा.